काळी आणि रेडियमची पट्टी : मुळगाव–अस्नोडा रस्त्याच्या नोंदी

९ जून २०२४, रविवार

गुरुवारी रात्री काळी, आमच्या वाड्यावरची कुत्री, माझ्या स्कूटरखाली आली. ‘आली’ म्हणणे बरोबर नाही. मी तिला धडक दिली.

गोव्यातल्या डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतली आमची दुसरी पाळी अकराला सुटते. मुळगाव मागे पडले होते, पाऊस नुकताच उघडला होता. समोरून टिप्पर आला, त्याच्या दिव्यांनी डोळे दिपले आणि तो निघून गेल्यावर एक-दोन सेकंद पुढे नुसता काळोख. तेवढ्यात पुढचे चाक कशावर तरी आपटले आणि केकाटणे ऐकू आले. मी आडवा झालो, कोपर सोलवटले. काळी तीन पायांवर उठली आणि काजूंच्या झाडीत शिरली. मोबाइलचा उजेड टाकत अर्धा तास हाका मारल्या, पण ती बाहेर आली नाही.

सकाळी आईला ती काजूखाली सापडली. म्हापशाच्या पशुवैद्यांनी एक्स-रे काढला. मागच्या डाव्या पायाची नडगी मोडली आहे, सहा आठवडे प्लास्टर. सध्या ती आमच्या पडवीत पोत्यावर पडून असते आणि मी दिसलो की शेपूट हलवते. ते मला बघवत नाही.

काळी कुणा एकाची नाही, सगळ्या वाड्याची आहे. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की ती त्याच्या सायकलीमागून शेवटच्या घरापर्यंत जाते, तिथे अर्धा पाव मिळतो आणि मग परत येते. तो भोंगा तीन दिवस वाजतो आहे आणि ती पडवीतून नुसते कान टवकारते.

काल रात्री वाड्यापासून मुळगावपर्यंतचे तीन किलोमीटर चालत गेलो आणि कुत्री मोजली. एकतीस. त्यांतली नऊ काळी किंवा गडद तपकिरी. अकरा जणांच्या कानाला खाच, म्हणजे नसबंदी झालेली. सहा कुत्री चक्क डांबरावर होती. या एकतीस जणांच्या गळ्यात चमकणारे काहीतरी असावे, एवढे ठरवले आहे. काय टिकते, काय टिकत नाही, ते इथे लिहीत जाईन.

१२ जून, बुधवार

डिचोलीचा बाजार. पाळीच्या आधी नंबरप्लेटवाल्याकडे गेलो. “पात्राव, रेडियम कसले पाहिजे? चिकटवायचे की शिवायचे?” त्याने विचारले. कुत्र्यांच्या पट्ट्यांना म्हटल्यावर त्याने दोन्हींचे तुकडे असेच दिले, पैसे घेतले नाहीत.

आपण सगळे याला रेडियम म्हणतो, पण यात रेडियमचा अंशही नसतो. खरे रेडियम क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधले. त्याच्या रंगाने पूर्वी घड्याळाचे काटे अंधारात आपोआप चमकायचे. ही पट्टी स्वतःहून चमकत नाही. कापडी पट्टीवर काचेचे बारीक मणी असतात, प्लास्टिकच्या पट्टीत बारीक लोलक. दोन्ही एकच काम करतात : उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतात. आरशावर उजेड तिरका पडला तर दुसरीकडे जातो, इथे तो दिव्याकडेच वळतो. चालकाचे डोळे दिव्यापासून हात-दोन हातांवर असतात, म्हणून त्याला पट्टी लख्ख दिसते आणि बाजूला उभ्या माणसाला काहीच दिसत नाही. घरी करून पाहिले. बॅटरी कमरेशी धरली तर पट्टी मंद, कपाळाशी धरली तर डोळे मिटावेत इतकी तेज. हिने चार वेळा वरखाली करून पाहिले आणि म्हणाली, “अहो, म्हणजे रस्त्याकडेला उभे राहून तपासण्यात काही अर्थ नाही. गाडीवर बसूनच बघायला हवे.”

तेच या कामाचे सूत्र धरतो.

१६ जून, रविवार

शाळेच्या मैदानावर चाचणी. रात्री आठ ते साडेदहा. शेजारचा पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, आला होता. वीस वर्षे पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवर भाडी मारतो, रात्रीच्या रस्त्याचे त्याच्याइतके ज्ञान आमच्याकडे कुणाला नाही. गवंड्याकडून तीस मीटरची टेप आणली. कुत्र्याऐवजी भाताच्या कोंड्याने भरलेली गोणी, वर काळे कापड, उंची गुडघ्याएवढी. स्कूटरचा दिवा खाली केलेला, म्हणजे समोरून गाडी येत असताना असतो तसा. दूरच्या टोकाकडून अगदी हळू यायचे आणि गोणी दिसली की थांबायचे.

नुसती काळी गोणी दिसली २२ मीटरवरून. गळ्याला पांढरे कापड बांधल्यावर ३५. एक इंची कापडी रेडियम लावले तर मैदानाच्या टोकावरूनच, साधारण १२० मीटरवरून, ठिपका दिसला.

मग गोणीवर तांब्याने पाणी ओतले, कारण आपल्याकडे चार महिने पाऊस आहे आणि कोरडी चाचणी आपल्या काय कामाची? कापडी पट्टी ५० मीटरवर आली. तिचे मणी उघडे असतात, त्यांच्यावर पाण्याचा थर बसला की उजेड नीट परतत नाही. प्लास्टिकची पट्टी मात्र ओली होऊनही ११० मीटरवरून दिसली. तिच्यावर लाल चिखल चोपडला तेव्हा ती ६० वर आली, बोटाने पुसल्यावर पुन्हा पहिल्यासारखी. कापडात मुरलेला चिखल पुसून जाईना. ठरले : प्लास्टिकचीच.

एवढ्यावर खूश होऊन आवरायला लागलो तर पायलट म्हणाला, “तुला गोणी कुठे आहे ते ठाऊक होते. रस्त्यावर तसे ठाऊक असते का?” बरोबर होते त्याचे. मग हिने मला पाठ फिरवायला लावली आणि गोणी कधी डावीकडे, कधी उजवीकडे, एकदा अजिबातच न ठेवता मला यायला सांगितले. नुसती काळी गोणी आता दिसली १३ मीटरवरून.

घरी येऊन गणित मांडले. ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर २१ मीटर तिथेच संपले. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी १४. एकूण ३५. ताशी ४० असता तर कोरड्यावर २६, ओल्यावर ३२ च्या आसपास. गुरुवारी मी ५० च्या घरात होतो आणि रस्ता ओला होता. काळी मला १३ मीटरवर दिसली असती तरी ब्रेकवर हात जाईपर्यंत मी तिच्यावर पोचलो असतो.

पायलटची आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो. तो म्हणतो, “मी कुत्रा बघतच नाही, डोळे बघतो.” कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे चमकणारा थर असतो, त्यामुळे त्याला कमी उजेडात आपल्यापेक्षा बरे दिसते आणि दिवा पडला की डोळे हिरवे-पिवळे पेटतात. पण त्याने आपल्याकडे पाहिले तरच. तोंड फिरवून बसलेल्या काळ्या कुत्र्याचे काहीही चमकत नाही.

२३ जून, रविवार

आठवडाभर पट्ट्याच्या बेतावर गेला. चमक हा सोपा भाग निघाला. अवघड भाग असा की रस्त्यावरच्या कुत्र्याच्या गळ्यात काही अडकवून आपण घरी निघून येतो. तो पट्टा कुंपणाच्या तारेत अडकला, झाडीत फांदीत गुंतला, तर सोडवायला तिथे कोणी नसते. म्हणून पट्टा ओढ बसताच तुटलाच पाहिजे. हरवला तर दुसरा शिवता येतो.

एक इंची नायलॉनचा पट्टा, वर प्लास्टिकचे रेडियम, पुढे प्लास्टिकची क्लिप. मानेच्या मागच्या बाजूला पट्टा मुद्दाम कापून दोन इंच इलॅस्टिक जोडले आणि त्या जोडाला साधा सुती दोरा. शिलाईमशीनवर दुहेरी शिवण घातलेला पट्टा आढ्याला टांगला, खाली बादली अडकवली आणि तांब्या-तांब्याने पाणी घालत गेलो. पंधरा लिटर भरले तरी तुटेना. म्हणजे कुत्रा मरेल पण जोड सुटणार नाही. मग एकेरी शिवण, मग निम्मे टाके. शेवटी सहा टाक्यांवर आलो : बादलीत सहा लिटर झाले आणि फट्‌कन आवाज करून जोड सुटला. तीनदा केले. सहा, साडेपाच, साडेसहा. मधल्या खोलीत सगळीकडे पाणी झाले, आई काही बोलली नाही, कोरडे फडके घेऊन आली.

पॉलिस्टरचा दोरा वापरायचा नाही. तो जास्त ताण घेतो. हिने सुती दोऱ्याचे रीळ वेगळे काढून त्यावर लाल खूण केली आहे.

३० जून, रविवार

पहिले आठ पट्टे चढवले. मानेभोवती दोन बोटे आरामात जायला हवीत, त्याहून सैल असेल तर पुढचा पाय अडकतो. पिल्लांना अजिबात घालायचा नाही. महिन्याभरात मान वाढते आणि पट्टा मांसात रुततो.

वाड्यावरच्या थोरल्या काकी दारात उभ्या राहून बघत होत्या. “सुण्याक दागिने घालतलो रे तूं?” म्हणाल्या, म्हणजे कुत्र्याला दागिने घालणार का रे तू. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवले, शंभर पावले दूर नेले आणि वळून दिवा लावला. त्यांच्या दारातला टायगर गळ्यात चांदीची तार घातल्यासारखा दिसला. काकी जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, आमच्या मागच्या दारच्या दोघींनाही घाल.

६ जुलै, शनिवार

चावा. चूक सर्वस्वी माझी. जेवणाऱ्या कुत्रीच्या मागून हात घातला. अंगठ्याजवळ दात रुतला, रक्त आले. नळाखाली साबणाने घड्याळ लावून पंधरा मिनिटे धुतले आणि तसाच आरोग्य केंद्रात गेलो. जखमेत सिरम टोचले, दंडात लस. पुढची ३, ७ आणि २८ व्या दिवशी.

काही जण म्हणाले, गोव्यात आता रेबीज कुठे? २०१४ पासून मिशन रेबीजची माणसे जाळी घेऊन गावोगाव फिरत आली आहेत, लस दिलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण करतात, आणि त्या कामाचे मोल फार मोठे आहे. पण इथून महाराष्ट्रातल्या दोडामार्गची हद्द जवळ आहे आणि कुत्र्याला हद्द कळत नाही. शिवाय हा रोग एकदा उठला की त्याला औषध नाही. ज्यांना पट्टे घालायला माझ्यासोबत यायचे आहे त्यांनी आधी लस घ्यावी, हा नियम आजपासून. आणि हात घालणारा माणूस कुत्र्याच्या ओळखीचाच हवा, रोज खायला घालणारा.

२१ जुलै, रविवार

पाऊस खंड न घेता पडतो आहे. काळीचे प्लास्टर शुक्रवारी काढले. पाय थोडा आखडलेला आहे, पण टेकवते.

एकोणीस पट्टे चढवले होते, आज चौदा दिसले. दोन ओढ्याच्या काठी सापडले, दोन्ही जोडावर सुटलेले, म्हणजे शिवण आपले काम करते आहे. तिघांच्या मानेखालची कातडी लाल होऊन केस गेले होते आणि एकाच्या पट्ट्याखाली गोचिडांची रांग. पाणी पट्ट्याच्या आतल्या बाजूला साचून राहते. त्या तिघांचे पट्टे काढून टाकले, पशुवैद्यांनी दिलेले मलम लावतो आहे. आता दर पंधरा दिवसांनी प्रत्येक मान बोटाने चाचपून पाहायची. ते जमणार नसेल तर पट्टा घालूच नये.

आणि आजची सगळ्यात महत्त्वाची नोंद. रात्री घरी येताना रस्त्याच्या मधोमध काहीतरी गडद दिसले. जवळ जाऊन पाहिले तर पट्टा घातलेला कुत्रा होता. थंडीने मुटकुळे करून, नाक शेपटीत खुपसून झोपलेला. मान पूर्ण पोटाशी गेलेली, पट्टीचा एक दोरासुद्धा दिसत नव्हता. मी ३० वर होतो म्हणून थांबलो.

गोणी कधी मुटकुळे करत नाही. मैदानावर हे कळायला वाव नव्हता. पट्टा उभ्या, चालत्या, रस्ता ओलांडत्या कुत्र्याला वाचवतो. झोपलेल्याला नाही.

४ ऑगस्ट, रविवार

दोन आठवडे एकच प्रश्न घेऊन बसलो : ती डांबरावर का झोपतात? पाळीहून येताना रोज तीन ठिकाणी थांबून हात टेकवून पाहिला. दिवसा थोडे ऊन पडले असेल तर रात्री अकरालाही डांबर कोमट असते. पाणी त्यावरून वाहून जाते. कडेची माती मात्र चिखलाने थबथबलेली, गवतात पाणी. ओल्या अंगाच्या जीवाला सगळ्यात कोरडी, सगळ्यात उबदार जागा रस्त्याचीच आहे. त्याला आपण मूर्ख कसे म्हणावे?

दुसरे कारण तिठ्यावरचा गाडा. रॉस ऑम्लेट, म्हणजे रस्सा घातलेले ऑम्लेट, खाऊन लोक पावाचे तुकडे, कोंबडीची हाडे कडेला टाकतात. साडेदहाला गाडा बंद होतो आणि तेव्हाच दुसरी पाळी सुटायची वेळ जवळ येते. म्हणजे कुत्री आणि आम्ही एकाच वेळी एकाच जागी.

गाडेवाल्याशी बोललो. त्याने लगेच झाकणाची बादली ठेवली, लोकांना “हांगा घाला”, इथे टाका, म्हणून स्वतः सांगतो. वाड्याच्या मागे भाटात, म्हणजे बागायतीत, रस्त्यापासून साठेक पावलांवर एक पडकी शेड आहे. मालकाची परवानगी घेतली. कारखान्यातली मोडकी लाकडी पॅलेट आणली, म्हणजे जमिनीपासून चार बोटे उंच बसता येते, वर गोणपाट. रोज पावणेअकराला गाडेवाल्याचा मुलगा बादली तिथे नेऊन ओततो. आमच्या पंचांना आधी विचारले, कारण २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खायला घालायची जागा आणि वेळ ठरवावी, मुले खेळतात तिथे आणि घरांच्या दारांत ती नसावी, असे आहे. शेडीजवळ दोन्ही नाही.

आज अकरावी रात्र. डांबरावर आधी सहा असायची. काल एक होते, आज एकही नाही. सात जण शेडीत एकमेकांना चिकटून झोपलेली पाहिली. दोन महिने शिवणकाम केले त्यापेक्षा या बादलीने आणि चार पॅलेटांनी जास्त जीव वाचतील असे मला आता वाटते. पट्टे सोडणार नाही, पण क्रम माझा चुकला होता. आधी रस्त्यावरून हलवायचे, मग जे ओलांडतील त्यांना चमकवायचे.

८ सप्टेंबर, रविवार

चतुर्थी. काल मुंबई-पुण्याची मंडळी गावात आली, आज दीड दिवसाचे विसर्जन. रस्त्याची सवय नसलेल्या गाड्या, रात्री उशिरापर्यंत वर्दळ. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळापानांची आरास, उतरवतानाही माझे लक्ष रस्त्याकडे. एक पिल्लू गेले, तिठ्याच्या अलीकडे, संध्याकाळी सातला. त्याला पट्टा नव्हता, पिल्लांना आपण घालत नाही. त्याच्या आईला शेडीत आणून ठेवले आहे, ती परत परत तिथेच जाते.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

नरकासुराची रात्र. रात्रभर स्पीकर, पहाटे नरकासुराच्या पुतळ्याचे दहन आणि फटाके. कुत्री बावरून वाटेल तिकडे पळतात आणि पळताना रस्ता बघत नाहीत. यंदा आधीच वाड्यावरच्या सगळ्या घरांना सांगितले होते : आपापल्या दारचे संध्याकाळीच आत घ्या, पोट भरून घाला, एखाद्या आतल्या खोलीत पंखा लावून ठेवा. पाच पट्टे हरवले. सगळी कुत्री दुपारपर्यंत परतली. टायगर अस्नोड्याच्या पुलाजवळून आला, तोही पायलटला पट्टी चमकली म्हणून दिसला आणि त्याने मागे बसवून आणला.

१५ डिसेंबर, रविवार

वरच्या वाड्यावर अंगणात साखळीने बांधलेला एक पाळीव कुत्रा रात्री बिबट्याने नेला. साखळी तुटलेली, अंगणात ओरखडे. त्या घरचे मला विचारत होते की चमकता पट्टा असता तर बिबट्या भ्यायला असता का. नाही. पट्टी फक्त दिव्यामागच्या माणसासाठी आहे. डोंगराकडेच्या घरांनी रात्री कुत्र्याला बाहेर बांधणे म्हणजे त्याला पळायचीही संधी न देणे. पडवीत घ्या, दार ओढून घ्या. मी हे सात घरांत जाऊन सांगितले, चौघांनी ऐकले.

पाळीव कुत्र्यांसाठी चार्जिंगचे दिव्याचे पट्टे मिळतात. फिरायला नेताना ते उत्तम, कारण गाडीचा उजेड पडायच्या आधीच दिसतात. घरी आल्यावर मात्र काढून ठेवायचे, आतला सेल चावला गेला तर पोटात जखमा होतात. फिरवताना रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालायचे, दोरी आखूड धरायची, आणि कुत्रा वाहनाच्या बाजूला न ठेवता आपल्या आतल्या बाजूला. आपल्या अंगावरही एक पट्टी हवी. चालकाला कुत्रा दिसला आणि त्याला धरणारा माणूस दिसला नाही, तर तो कुत्र्याला चुकवून माणसावर येतो.

१९ जानेवारी २०२५, रविवार

काल रात्री पुन्हा तेच तीन किलोमीटर चाललो. अठ्ठावीस कुत्री. बावीस जणांच्या गळ्यात पट्टा, डांबरावर बसलेले एक. ते तिठ्यावरचे म्हातारे लाल कुत्रे आहे, शेडीत नेले की परत येते. त्याच्यासाठी गाडेवाल्याने गाड्याखालीच फळी टाकली आहे, बघू.

पंचांकडे रस्त्यावरच्या दोन बंद दिव्यांसाठी अर्ज दिला आहे, पोच मिळाली. पावसाआधी पट्ट्यांचे काम : आतली बाजू जाळीच्या कापडाची करून पाहायची, म्हणजे पाणी साचणार नाही. सुती दोरा संपत आला, बुधवारी आणायचा. चतुर्थीच्या वेळच्या त्या कुत्रीची उरलेली दोन पिल्ले आता वाढली, मान मोजली, एकाची ३० सेंटिमीटर, दुसऱ्याची ३१.

आज पाळीहून येताना वळणानंतरच्या सरळ रस्त्यावर, खूप दूर, एक पांढरी रेघ जमिनीपासून गुडघाभर उंचीवर हलताना दिसली. वर-खाली, वर-खाली, एका बाजूला जरा जास्त झुकत. चाल लंगडी होती, म्हणून ओळखली. वेग कमी केला, दिवा खाली केला. ती रस्ता ओलांडून शेडीकडे गेली.